आडखोलच्या कॉम्प्युटरांना काहीही अडचण नाही

आडखोल बंदर,
मु. पो. बोर्ली पंचतनच्या पुढे, रस्ता संपेपर्यंत
गुरुवार

दयारामदादांस,

प्रज्योतचा वाकून नमस्कार. तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून नऊच वर्षांनी मोठे, आणि नुसतं ‘प्रिय’ लिहावं तर मागच्या दिवाळीत मी चुकून तुमच्या आधी पाटावर बसलो त्याचा राग अजून पोटात असेल, म्हणून दोन्ही शब्द गाळले आहेत. मान मात्र पुरेपूर धरावा. तुमची कंबर कशी आहे? प्रणालीताई सांगत होत्या की उरणच्या त्या वैद्याचं तेल लावल्यापासून कंबर बरी आहे पण आता गुडघा धरलाय. साखर तपासलीत का? (तपासली असेल आणि आकडा सांगण्याजोगा नसेल तर मला कळवू नका, मला मृणालीपासून काही लपवता येत नाही आणि ती ताईंना सांगते.) चारही ट्रेलर रस्त्यावर आहेत ना? शिवानीचं दहावीचं वर्ष, तिला म्हणावं काकाने पेनाचं पाकीट घेऊन ठेवलंय. इकडे सासूसासरे खुशाल आहेत. मीही खुशाल आहे, म्हणजे वजन साडेतीन किलोनं वाढलं आहे. त्याचं कारण खाली येईलच.

या जमान्यात कागदावर पत्र का, असं तुम्ही चष्मा वर करून विचाराल. तर ‘आडखोल परिवार’ या ग्रुपवर त्रेसष्ट माणसं आहेत, आणि तुम्हाला वेगळा मेसेज करावा तर तुमचा फोन ताईंच्या हातात असतो, माझा मृणालीच्या. दोघी सख्ख्या बहिणी. तेव्हा मासळी न्यायला तुमची जी गाडी येते तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे पाकीट देतोय. त्याला शपथ घातली आहे की साहेबांच्याच हातात द्यायचं. आपण दोघे एकाच घरचे जावई. साडूला साडूच समजून घेतो, बाकी दुनियेला ते दुःख कळत नाही. म्हणून हे पत्र सावकाश, शेवटपर्यंत आणि शक्यतो जेवण झाल्यावर वाचा.

आता मी इथे अकरा दिवस काय करतोय ते. तुम्हाला माहीतच आहे की आपले आबा (इतरांसाठी धर्मा नाखवा) आडखोल मच्छीमार संस्थेचे चेअरमन. संस्थेचा बर्फाचा कारखाना आहे, डिझेलचा पंप आहे, शीतगृह आहे, जाळ्यांचं दुकान आहे, ऑफिस आहे, आणि प्रत्येक ठिकाणी आपापला कॉम्प्युटर आहे. कुठे एक, कुठे दोन-तीन, एकूण अकरा. कुठलाही एक बंद पडला की त्याच्यावरचं काम ठप्प. शेजारचा रिकामा बसलेला असला तरी मदतीला येत नाही. (आपल्या दोन्ही घरांचंही तसंच आहे म्हणा, पण तो विषय वेगळा.) यावर उपाय असा की तीन चांगली दणकट यंत्रं आणायची आणि अकराही कॉम्प्युटरांची कामं त्यांच्यात भाडेकरूंसारखी ठेवायची. प्रत्येकाची खोली वेगळी, दार वेगळं, पण इमारत एक. एक यंत्र पडलं तर त्यातले भाडेकरू आपोआप उरलेल्या दोघांत राहायला जातात. कॉम्प्युटर दिसत नाही, पण काम चालू असतं. याला व्हर्च्युअल म्हणतात. हे मी ऐरोलीच्या ऑफिसात चौदा वर्षं करतोय. दर दिवाळीला आबा पाहुण्यांना सांगतात, ‘आमचे धाकटे जावई कॉम्प्युटरात कायतरी करतात,’ त्यातलं ‘कायतरी’ ते हेच.

तीन महिन्यांपूर्वी आबांनी फोन करून हे काम मला सांगितलं तेव्हा, दादा, खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. सहा वर्षं झाली लग्नाला. या गावात मी फक्त जेवलोय आणि झोपलोय. एकदा तरी इथल्या माणसांनी मला कामाचा माणूस म्हणून बघावं, एवढीच इच्छा होती. ऑफिसातून पंधरा दिवसांची रजा काढली आणि आलो. येत्या रविवारी सकाळी दहाला संस्थेची आमसभा आहे. तिच्यासमोर माझा आराखडा ठेवायचा आहे, आणि आराखड्याच्या आधी लागते ती गरजांची यादी: कोणाला काय हवं, काय बंद पडलं तर किती वेळ निभतं, कुठली नोंद हरवली तर चालेल आणि कुठली मेलं तरी हरवता कामा नये. ही यादी खरी असली तर सगळं खरं. ती खोटी असली तर तीन सोन्याची यंत्रं आणून ठेवा, पहिल्याच खोळंब्याला होड्या बर्फाशिवाय धक्क्यावर उभ्या राहतील आणि मी जन्मभर पाटावर बसून जेवत राहीन. यादी खरीच करायची, असा मी निश्चय केला होता. अजूनही आहे.

पण दादा, जावयाला कोणी अडचण सांगतं का हो? पहिल्या दिवशी मी सगळ्या खात्यांची बैठक बोलावली. फळ्यावर लिहिलं, ‘तुमच्या तक्रारी’. हॉलमध्ये शिरतो तर दारात पाचजणी ओवाळायला उभ्या. मग शाल, श्रीफळ, टोपी. मग आबांचं भाषण, त्यात माझ्यापेक्षा तुमची स्तुती जास्त होती. मग कोळंबीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी. मी तोंड पुसून विचारलं, की मंडळी, आता सांगा, काय त्रास आहे? सगळे एकमेकांकडे बघून हसले, आणि एक म्हातारे उठून म्हणाले की जावई आले हाच आनंद, त्रास कसला. टाळ्या. बैठक संपली. फळ्यावर ‘तुमच्या तक्रारी’च्या खाली कुणीतरी स्वस्तिक काढून ठेवलं होतं.

मी म्हटलं ठीक आहे, तोंडावर बोलायला लाजतात, लेखी घेऊ. चाळीस प्रश्नांचा कागद छापून अकराही कॉम्प्युटरांपाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी अकराही कागद परत आले, सगळे एकाच टपोऱ्या अक्षरात भरलेले. प्रश्न एक ते एकोणचाळीस, उत्तर: ‘काहीही अडचण नाही.’ प्रश्न चाळीस, ‘इतर सूचना’, उत्तर: ‘जेवून जावे.’ अक्षर नेत्राचं. नेत्रा म्हणजे संस्थेच्या ऑफिसात बसते ती पोरगी, बी.कॉम. झालेली, अख्खी संस्था तिच्या डोक्यावर चालते. तिला विचारलं तर म्हणते, लोकांना लिहायचा कंटाळा, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी सगळ्यांच्या वतीनं भरलं. घ्या! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग मी ठरवलं की आपण जावई आहोत हेच मुळात काढून टाकायचं. मृणालीला फोन केला. ती म्हणाली, तिथे साधा माणूस म्हणून वाग. (सहा वर्षांत मला तिच्याकडून मिळालेला हा सर्वांत अवघड सल्ला.) मी बोर्लीला लॉजवर खोली घेतली, जुनी पँट चढवली, खांद्याला पिशवी लावली आणि बसने आडखोलला उतरलो. तासाभरात आबा स्वतः जीप घेऊन लॉजवर जाऊन माझी बॅग घेऊन आले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाईंनी तर शेजारणीजवळ डोळे पुसले, की आमच्या घरी जावयाला झोपायला जागा नाही असं आता बोर्लीत म्हणतील. त्या दिवशी मला जिताडा माशाचा मधला तुकडा दोनदा वाढला गेला, शिक्षा म्हणून. म्हणतात ना, जावई हा दहावा ग्रह. इथे तर ग्रह हात जोडून विनवतोय की बाबांनो, मला पीडा म्हणा, आणि लोक त्याला भाकरी वाढताहेत.

तरी मी सोडलं नाही. घरोघर, खात्याखात्यात जाऊन एकेकाला गाठलं. डिझेलच्या पंपावर अब्दुस्समदभाई आहेत, तुम्ही ओळखता, मेहेंदीनं लाल केलेली दाढी. कुठल्या होडीनं किती डिझेल उचललं ते सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर. मी विचारलं, हा बंद पडतो का? ते म्हणाले, ‘जावईभाय, अल्लाचा करम हाय, कायच तकलीफ न्हाय.’ हे म्हणत असताना त्यांच्या मागे तो कॉम्प्युटर बंदच होता, दादा! काळा ठिक्कर! मी बोट दाखवलं तर त्यांनी मागे वळून बघितलं आणि प्रेमानं म्हणाले, आराम करतोय. आणि मला खजूर खायला घातले, आतेभावानं दुबईहून पाठवलेले. शीतगृहात विचारलं, तिथे छान. जाळ्यांच्या दुकानात विचारलं, तिथे फारच छान. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, इथे ती अख्ख्या गावाची मावशी होऊन बसली आहे.

आता मुद्द्याच्या गोष्टीवर येतो, तेव्हा जरा सावरून बसा. दहा कॉम्प्युटरांचे मालक मला सापडले. अकरावा हॉलमागच्या जाळी टांगायच्या खोलीत, लाकडी फळीवर, वर भरतकामाचं कापड घातलेला, माथ्यावर हळदकुंकू, शेजारी उदबत्तीचं घर. तो चालू असे, घरघर करे, आणि त्याच्या मागून निघालेली एक वायर वर टांगलेल्या जाळ्यांत शिरून नाहीशी होई. हा कोणाचा? नेत्रा म्हणाली, तो असाच आहे. अब्दुस्समदभाई म्हणाले, पुराना हाय. आबा म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे त्याला,’ आणि विषय बदलून समुद्राकडे बघू लागले. आमच्या धंद्यात अशा बेवारशी यंत्रासाठी एक जुनी युक्ती आहे: गुपचूप बंद करून टाकायचं आणि वाट बघायची. ज्याचं काम अडेल तो बोंबलत येईल. चौदा वर्षांत ही युक्ती कधी फसली नाही. ऐरोलीला तर दहा मिनिटांत माणूस गळपट्टी धरायला येतो. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी उदबत्तीला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

कोणी आलं नाही. दहा वाजले, बारा वाजले, कोणी नाही. दुपारी बर्फाच्या खिडकीपाशी रांग रस्त्यापर्यंत गेलेली दिसली. मी कौतुकानं म्हटलं, धंदा जोरात आहे! सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. नेत्रा खिडकीत बसून जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे भराभर आकडे लिहीत होती. हे काय, विचारलं तर म्हणाली, अक्षर सुधारतेय. मंगळवारी अब्दुस्समदभाई स्कूटरवर गोणपाटात बर्फ बांधून बोर्लीहून येताना दिसले. मी विचारलं, बर्फाच्या कारखान्याच्या गावात बोर्लीचा बर्फ? ते म्हणाले, सरबत करायचंय. चाळीस किलोचं सरबत! मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माणूस स्वतःच्या हुशारीवर खूश असला की त्याला समोरचा हत्तीही दिसत नाही. मंगळवारी संध्याकाळी मी आराखड्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘यंत्र क्रमांक अकरा. कोणाच्याही उपयोगाचे नाही. काढून टाकावे.’ आणि मोठ्या समाधानानं बोंबलाचं कालवण जेवलो.

बुधवारी, म्हणजे काल, सकाळी मी धक्क्यावर उभा राहून नेत्राला हेच वाक्य वाचून दाखवत होतो. तेवढ्यात समोरून सासूबाई आल्या. डोक्यावर टोपली, टोपलीतले बांगडे मऊ पडलेले, मागे आठदहा बायका. तुम्ही कृष्णाबाईंना नेहमी डोक्यावर पदर घेऊन, दाराआडून ‘जावयबापू, अजून एक भाकरी’ म्हणताना पाहिलं आहे. मीही तेवढंच पाहिलं होतं. काल त्यांनी टोपली माझ्या पायाशी आपटली, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘ए प्रज्योत! कोनी बंद केला रं तो? तुनंच ना? तीन दिस झालं तोंड दाबून बसलूय आमी!’

ए प्रज्योत! सहा वर्षांत पहिल्यांदा, दादा. मी ताबडतोब खिशातली पेन्सिल काढली.

आणि मग त्या जे बोलल्या त्याला मी सबंध कारकिर्दीत ऐकलेलं सर्वांत चोख निवेदन म्हणेन. (शिव्या वगळून देतो, त्या सुमारे एक तृतीयांश होत्या.) बर्फाचा नंबर तो अकरावा देतो. खोलीतून वायर जाळ्यांवरून, कौलांखालून थेट बर्फाच्या खिडकीत जाते आणि तिथे चिठ्ठी निघते. चिठ्ठीप्रमाणे बर्फ मिळतो. खाडीचं तोंड गाळानं भरलेलं, त्यामुळे होडी फक्त भरतीलाच बाहेर निघते. भरतीच्या आत बर्फ चढला तर ठीक, नाही तर होडी अडकली. सोमवारपासून चौदा नंबर दोघांना गेला, एकवीस कोणालाच नाही. आबांची स्वतःची होडी दोन भरत्या धक्क्यावर बसून आहे, आणि आबा रोज माझ्यासमोर बसून हवामानाबद्दल गप्पा मारताहेत! मी मधेच विचारलं, की आई, बंद पडला तर किती वेळ चालेल? त्या ओरडल्या, ‘एक भरती! एक हुकली तं गप ऱ्हाऊ. दुसरी हुकली तं मासा बी गेला नि गिऱ्हाईक बी गेला!’ मी लिहिलं: एक भरती. नोंद किती हरवली तर चालेल? ‘आजची तोंडपाठ हाय, कालची कोनाच्या बापाला आठवंल?’ मी लिहिलं. मोठमोठ्या कंपन्यांत कोट घातलेल्या साहेबांकडून हे दोन आकडे काढायला मला दोनदोन महिने लागतात, आणि तरी शेवटी ते ‘एक मिनिटही चालणार नाही’ असं खोटंच सांगतात. या बाईनं अर्ध्या मिनिटात सांगितले, तेही खरे, तेही समुद्राच्या घड्याळात मोजून.

मग मी विचारलं, की हे तीन दिवस मला सांगितलं का नाही? त्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला. म्हणाल्या, ‘जावयानं बंद केलेला चालू कोन करंल? नि जावयाला कोन सांगंल?’ आणि आपण काय केलं ते बहुधा तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तोंडावर हात गेला, पदर डोक्यावर गेला, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, ‘जावयबापू, च्या घेता?’ मी म्हटलं, आई, चहा नको, अजून दोन शिव्या द्या, माझे तीन प्रश्न राहिलेत. बायका हसल्या, सासूबाईही हसल्या, आणि मला, दादा, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. माझी आई मला रोज शिव्या देते, त्याचं मोल मला काल कळलं. मी आधी धावत जाऊन अकरावा चालू केला. मग धक्क्यावरच बसलो.

बांध फुटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सासूबाई ओरडल्या आणि जावई मेला नाही, उलट लिहून घेतोय, हे पाहिल्यावर धक्क्यावर माझ्यापुढे रांग लागली. अब्दुस्समदभाईंनी दाढीवरून हात फिरवत कबूल केलं की लाइट गेली की पंपाचा कॉम्प्युटर कोणाला किती डिझेल दिलं ते विसरतो, मग ते स्वतःच्या आठवणीनं लिहितात आणि घरी जाऊन नमाजात माफी मागतात. त्यांची गरज: एकही नोंद हरवता कामा नये, ‘ईमानाचा मामला हाय.’ नेत्रा तर रडलीच. सभासदांची एकच यादी ती चार कॉम्प्युटरांवर चारदा टाइप करते, आणि चौघांत चार वेगळी माणसं मेलेली आहेत. शीतगृहवाल्यानं सांगितलं की खारं वारं आत जाऊन दर पावसाळ्यात त्याचं यंत्र गंजतं, म्हणून नवी यंत्रं हॉलच्या माडीवर बंद खोलीत हवीत. दुपारपर्यंत सदतीस गरजा झाल्या, सगळ्या खऱ्या, प्रत्येकीखाली सही किंवा अंगठा. रविवारची सभा आता अवघड वाटेना. आराखडा मी एका बैठकीत संपवला. तीन यंत्रं, बॅटरी, माडीवरची खोली, आणि प्रत्येक कामापुढे त्याची सोसण्याची हद्द: पंप शून्य, बर्फ एक भरती, जाळ्यांचं दुकान चार दिवस. (दुकानदार म्हणाला आठ दिवसही चालेल, तो तसाही क्रिकेट बघतो.)

आबांनी सगळं शांतपणे वाचलं. तर्जनी ठेवून ओळन् ओळ. सही करायला पेन उघडलं आणि मग अकराव्या ओळीपाशी थांबले. मी समजावलं की बर्फाच्या चिठ्ठीचं काम नव्या यंत्रात राहायला जाईल, जुना डबा तेवढा काढायचा. आबांनी पेन बंद केलं. म्हणाले, बाकी सगळं मान्य, पण तो डबा जागचा हलणार नाही. फार तर तुझी तीन यंत्रं त्याच्या तीन बाजूंना ठेव, आणि चिठ्ठी त्याच्यातूनच निघू दे, मान म्हणून. म्हणजे गरज क्रमांक अडतीस! दादा, तो डबा आठवड्यातून तीनदा बंद पडतो. चालू व्हायला चहा उकळून गार होईपर्यंतचा वेळ घेतो. डाव्या बाजूला चापट मारल्याशिवाय अक्षर उमटत नाही, आणि चापट मारण्याआधी त्याला नमस्कार करायची इथे रीत आहे. त्याच्या पुढे मी अमेरिकेतलं यंत्र आणून बसवलं तरी बर्फ थांबायचा तो थांबणारच. मी आबांशी वाद घातला. जन्मात पहिल्यांदा सासऱ्याशी वाद घातला आणि हरलो. पण हार मानलेली नाही. रविवारी दहाला अजून तीन दिवस आहेत.

असो. फार लांबलं. तुम्हीही कंटाळला असाल आणि गुडघाही आखडला असेल. मोठ्यांना दंडवत, शिवानीला आशीर्वाद, ताईंना सांगा की पत्रात विशेष काही नव्हतं. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकेल एवढीच देवाकडे मागणी.

तुमचा धाकटा साडू,
प्रज्योत

ता. क. : आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तो अकरावा कॉम्प्युटर तुमचा आहे. आठ वर्षांपूर्वी तुमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नवे आले तेव्हा तुम्ही दिवाळीला येताना हा संस्थेला भेट दिलात, हार घालून, फोटो काढून. थोरल्या जावयाची भेट! तेव्हापासून तो काढायचं पाप कोणाच्या हातून होत नाही. दर दिवाळीला तुम्ही ‘चालतोय ना?’ विचारता तेव्हा तो आदल्या दिवशीपासून नेत्रा चालू करून बसलेली असते, आणि सगळे एका सुरात ‘एकदम मस्त’ म्हणतात. मस्त नाही, दादा. आठ वर्षं नाही. हे तुम्हाला तुमचा साडूच सांगू शकतो, दुसऱ्या कोणाची छाती नाही. तुम्ही एक शब्द टाकलात की आबा सही करतील.

ता. क. दोन : मनाला लावून घेऊ नका. काल धक्क्यावर मीही एक गोष्ट ऐकली. चार वर्षांपूर्वी मी रात्रंदिवस खपून मासळीच्या भावाचं अ‍ॅप बनवून गावाला दिलं होतं, आठवतं? सगळ्यांच्या फोनवर ते आहे. आजवर कोणी एकदाही उघडलेलं नाही. मी आलो की फोन पुसून समोर ठेवतात. मी ते आजच सगळ्यांच्या फोनवरून स्वतःच्या हातानं काढून टाकलं. त्रेचाळीस फोन. प्रत्येकानं ‘राहू द्या हो’ म्हटलं, आणि फोन मात्र पटकन पुढे केला.

ता. क. तीन : पाकीट बंद करायच्या आधी सासूबाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. त्या फार नाराज आहेत. म्हणतात, असं लिहू नका, थोरल्या जावयांना वाईट वाटंल, लिहा कॉम्प्युटर लई झ्याक चालतो. आईंचा शब्द मला मोडवत नाही. तेव्हा त्यांच्या आज्ञेवरून लिहितो: दादा, तुमचा कॉम्प्युटर फारच झकास चालला आहे. शनिवारी येऊन घेऊन जा.